पितळी गुंडाचं भाषांतर

बाईंचा शिक्का हिंगाच्या डबीत राहायचा. असं का, ते मी कामाच्या पहिल्याच दिवशी विचारलं. तेव्हा मला प्रश्न विचारायची हौस दांडगी होती आणि उत्तर ऐकायची मुळीच नव्हती. बाई म्हणाल्या, "चोर आला तं पयले कपाट फोडते. हिंगात हात घालनारा चोर अजून जल्माले याचा हाय." मग पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "आन् तिकडच्या साहेबाले वासावरून समजलं पायजे, कागद घरच्या बाईनं केला हाय म्हनून."

तर आमच्या दिग्रसचे कागद दुबईला, जर्मनीला, कॅनडाला हिंगाचा वास घेऊन जात. परत एकही आला नाही. म्हणजे एक आला. तो माझ्यामुळे. त्याचंच सांगायचं आहे, पण आधी बाई.

मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते. लेक लग्न होऊन परदेशी गेलेली, नवरा एसटीतून निवृत्त होऊन ओसरीवर पेपर वाचत बसलेला, आणि माझ्या ट्रंकेत मॅट्रिकनंतर पास केलेल्या टायपिंगच्या परीक्षेचं पिवळं पडलेलं सर्टिफिकेट. तेवढ्या जोरावर मी बाईंकडे टायपिंगला लागले होते आणि स्वतःला विदुषी समजत होते. पन्नाशीत माणूस पिकतो म्हणतात. साफ खोटं. मी चांगली साठीपर्यंत हिरवीगार होते.

बाई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. कुणी खोचून विचारलं की म्हणायच्या, "एका नावाचं धुनं-पुसनं करता करता जीव जाते. दुसरं नाव कुठं सांभायू?" कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून त्यांचं घर. पुढच्या खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि गिऱ्हाइकासाठी शाळेतून आणलेला मोडका बाक. दारावर पाटी, त्यांच्याच अक्षरात: ‘मराठीचे इंग्रजी करून मिळेल. खोट्याचे खरे करून मिळणार नाही.’

बाहेरदेशी जाणाऱ्याला काय काय लागतं, हे त्याला स्वतःला माहीत नसायचं. जन्माचा दाखला मराठीत, लग्नाचा मराठीत, शाळेचा मराठीत. त्याचं इंग्रजी करायचं, ते वकिलाकडे नोटरी करायचं, मग त्यावर मुंबईचा शिक्का आणि शेवटी दिल्लीचं स्टिकर. ते स्टिकर लागलं की दारव्ह्याच्या पोराचा जन्म जगात कुठंही खरा धरला जातो. तोवर तो नुसता जन्मलेला असतो.

कापसाच्या हंगामात खोलीत रुई उडायची. ओल्या शिक्क्यावर बसायची. मी फुंकर मारून उडवायला गेले की बाई हात धरत. "राहू दे. वायल्यावर आपोआप पडते. फुकशीन तं शाई पसरते." काम करायची त्यांची रीतच तशी, काही पुसायचं नाही, काही उडवायचं नाही. दाखल्याचा कोपरा कसरीनं खाल्ला असेल तर भाषांतरात त्या जागी कंसात लिहायच्या, ‘येथे कागद कसरीने खाल्ला आहे.’ चहाचा डाग असेल तर तोही. एका दाखल्यावर ग्रामसेवकानं मागं भाजीची यादी लिहिली होती. बाईंनी यादीचंही इंग्रजी केलं. मी म्हटलं, "बाई, वांग्याचं काय काम?" तर म्हणाल्या, "कागदाच्या अंगावर हाय नं? मंग हाय."

आणि गिऱ्हाईक आलं की आधी त्याला त्याचा कागद वाचायला लावायचा. मोठ्यानं. वाचता येत नसेल तर बाई वाचून दाखवायच्या, अंगठ्याच्या ठशापर्यंत. "साहेबाले समजायच्या पयले मालकाले समजला पायजे." पन्नास वर्षं पेटीत जपून ठेवलेला कागद लोक पहिल्यांदा ऐकायचे. बाभुळगावकडचा एक म्हातारा आपल्या लग्नाचा दाखला ऐकून म्हणाला, "मा बाप्पा, मी तवा एकवीसचा होतो? बुढी तं म्हनते अठराचा होता म्हनून हाती लागला."

गावातला एक मेकॅनिक दुबईला निघाला होता. गॅरेजवाल्या मालकानं लिहून दिलेलं, पाच वर्षं कामाला होता. तिकडे दहा वर्षांचा अनुभव मागत होते.

"दहा लिख दो ना बाई. इंग्रजीत कोन पाह्यते?"

"कागद पाच म्हनते बेटा."

"कागदाले काय समजते? चौदाव्या वर्षापासून पाने धरून राह्यलो मी."

"मंग ते सांग नं."

त्याला बाकावर बसवून बाईंनी सकाळभर विचारलं. कोणतं इंजिन उघडलं, कोणता पंप, कोणता ट्रॅक्टर, जिनिंगची कोणती मशीन बंद पडल्यावर कुणी बोलावलं. ज्यांनी ज्यांनी बोलावलं त्यांच्या सह्या आणायला पिटाळलं. चार पानं झाली. पाचाचे दहा झाले नाहीत, पण पाचाखाली चार पानं लागली. तो गेला दुबईला. जाताना म्हणाला, "बाई, मेरेकोच नहीं मालूम था मैं इतना आदमी हूँ।"

ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. टाइपही मीच केली. आणि त्यातून मी काय शिकले? काहीही नाही. कारण नंतर स्वतःची पाळी आली तेव्हा मी जे केलं, ते त्या मेकॅनिकलाही शोभलं नसतं.

माझं माहेरचं नाव पंचफुला. दारव्ह्याजवळच्या खेड्यात माझ्या जन्माच्या वेळी ते थाटाचं होतं. शाळेत गेल्यावर पोरींनी त्याची पार दशा केली. ‘पाच फुलं कोणती गं, एक कोबीचं का?’ मांडवात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात माझं नवं नाव अंगठीनं लिहिलं तेव्हा बाकीच्या नवऱ्या रडतात, मी मुंडावळ्यांच्या आड हसत होते. सिनेमातल्या नटीला शोभेल असं नाव मिळालं होतं. ते मी इथं सांगणार नाही. पासपोर्टवर आहे, तिथं जाऊन वाचा.

लग्नात मामानं पितळेचा गुंड दिला होता. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते, गुंड म्हणजे आमच्याकडे पाणी भरायचं भांडं, घाबरू नका. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं: ‘चि. सौ. कां. पंचफुला हिस मामाकडून.’ जावेच्या भांड्यांत मिसळायला नको म्हणून सासूनं त्याखाली आणखी एक ओळ कोरून घेतली, माझं नवं नाव आणि नवऱ्याचं. दोन नावांचा गुंड. वरचं नाव जावं म्हणून मी किती वर्षं ते चिंचेनं घासलं असेन. कुणीतरी सांगायचं होतं ना, पितळ घासल्यानं नाव जात नाही, चमकतं. शेवटी गुंड माळ्यावर टाकला. नावाची बाजू भिंतीकडे.

एका सकाळी लेकीचा जर्मनीहून फोन आला. सातवा महिना, पोटात जुळी, डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. जावई पाळ्यांवर कामाला. सासू कधीच गेलेली. लेक एरवी भारी करारी, बापावर गेलेली. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "आई, तू ये. बाकी काही बोलू नको, फक्त ये."

आता तिची मी आई आहे, हे जर्मनीला कागदावर दाखवायचं होतं. तिचा जन्माचा दाखला काढून आणला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. आईचं नाव: पंचफुला.

झालं होतं असं. पहिलं बाळंतपण माहेरी. नात झाल्याच्या आनंदात माझे बाबा पंचायतीत नोंदवायला गेले. आईचं नाव विचारलं, त्यांनी आपल्या लेकीचं नाव सांगितलं. त्यांना दुसरं ठाऊकच कुठं होतं? माहेरी मला नव्या नावानं कुणी कधी हाक मारली नाही. इकडे पासपोर्टवर नटीचं नाव. म्हणजे कागदोपत्री माझी पोरगी भलत्याच बाईला झाली होती.

तर्जुमा आम्ही असा पडताळायचो: मी मूळ मराठी मोठ्यानं वाचायची, बाई हातात इंग्रजी धरून ओळीवर बोट फिरवायच्या. तोवर त्यांना मोतीबिंदू झाला होता, मूळ कागदाचं बारीक अक्षर दिसायचं नाही. वाचणारीच्या तोंडावर सगळा भरवसा. मी काय केलं? इंग्रजीत पासपोर्टवरचं नाव टाइप केलं, आणि मराठी वाचताना, दाखल्यात पंचफुला असताना, तेच नटीचं नाव वाचलं. आवाजसुद्धा कापला नाही. बाईंचं बोट त्या नावावरून सरळ पुढं गेलं. हिंगाची डबी उघडली, शिक्का बसला. मला वाटलं, काय हुशार बाई आहे मी!

ही हुशार बाई तीन आठवड्यांनी बाकावर मान खाली घालून बसली होती. फाइल परत आली होती. मूळ आणि भाषांतर जुळत नाही. यवतमाळचा एजंट मोटारसायकलवरून फायली मुंबईला पोचवायचा. एका पांढऱ्या बुटावर दुसरा ठेवून तो उभा होता आणि लेकीला आठवा लागला होता.

बाईंनी कागद डोळ्यांना लावला, लांब धरला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे दिला.

"वाच."

"बाई, मी..."

"मूळ वाच. आईच्या नावापासून."

"आईचे नाव... पंचफुला."

"जिनिंगच्या आवाजात आयकू नाई येऊन राह्यलं."

"पंचफुला!"

"बाहेर बाकीचे उभे हायेत, त्याइलेही आयकू दे."

मी ओरडले. रस्त्यावरचा केळीवाला वळून बघू लागला. एवढ्या वर्षांत बाईंचा शिक्का पहिल्यांदा खोट्यावर बसला होता. मला वाटलं होतं, हाकलून देतील. त्या म्हणाल्या, "दुसऱ्यानं स्वतःचं नाव खोडून मागतलं तं आपन त्याले घरी पाठवतो. तू तं घरातच होती वं."

एजंटानं तोंड घातलं. "बाई, कायले एवढं? पंचायतीत आपला मानूस हाय. नवा दाखला काढू, आईचं नाव पासपोर्टवालं टाकू. आठ दिवसांत काम खतम."

खरं सांगते, मी आशेनं वर पाहिलं. लेक तिकडे एकटी पडलेली. मला नाव नको होतं, विमान हवं होतं.

बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पोरगी जल्मली ते पंचफुलाच्या पोटातून. तू नवा दाखला काढशीन, त्यात कोनाच्या पोटातून काढशीन?"

"अवो बाई, नुसतं नाव तं हाय."

"नुसतं नाव हाय तं तुह्यं बदल. उद्यापासून तुले शकुंतला म्हनतो."

एजंट बाकावर बसला. बाईंनी मला विचारलं, "लग्नात भांडे आले असतीन नं? नाव घातलेले?"

"नाही," मी म्हटलं. बघा, अजूनही मी सुधारले नव्हते.

पण त्या माझ्या घरी आल्याच. ओसरीवरून नवरा पेपरामागून म्हणाला, "आहे ना, मामाचा गुंड. माळ्यावर. तिनं तोंड फिरवून ठेवलाय." आजवरच्या संसारात हा माणूस वेळेवर काही बोलला असेल तर तेवढंच.

गुंड उतरवला. कोळिष्टकं झाडली. दोन्ही नावं एकाखाली एक लखलखत होती, चिंचेची कृपा. बाईंनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. डोळ्यांना दिसत नव्हतं ते बोटाला वाचता आलं. मग त्या त्याच दमात म्हणाल्या, "चाल. ऑटो बोलाव."

दिग्रसच्या बाजारातून ऑटोत मांडीवर गुंड घेऊन मी बसले. मी हळूच तळवा वरच्या नावावर ठेवला. "हात काढ," बाई म्हणाल्या. पुढं बघत होत्या, तरी त्यांना कळलं.

वकीलसाहेब नोटरीचं रजिस्टर उघडून बसले होते. गुंड टेबलावर ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"बाई, हे काय?"

"पुरावा."

"प्रतिज्ञापत्र करून देतो ना. दोन्ही नावं एकाच बाईची, दोन साक्षीदार, संपलं. त्याला भांडं कशाला?"

"साक्षीदार आज बोलून राह्यले. हे पयल्यापासून बोलून राह्यलं. आन् याले कोनी शिकवलं नाई."

"पण जोडपत्र म्हणून कागद लागतो. हे पितळ आहे!"

"राजाचा ताम्रपट कोर्टात चालते, वकीलसाहेब. तांब्यावरचं चालते तं पितळेवरचं काहून नाई?"

"बाई, तो राजा होता."

"तो मेला. हे जिती हाय. इचारा तिले."

वकीलसाहेबांनी मला विचारलं. कायद्याप्रमाणं शपथेवर. "आपलं नाव?" मी पासपोर्टवरचं सांगितलं, आणि मग दुसरंही. त्यांनी गुंडाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढायला लावले आणि फोटोंवर लिहिलं, ‘मूळ भांडे पाहिले.’ सही, शिक्का. बाहेर चहावाल्यापर्यंत बातमी पोचली होती की बाईंनी भांड्याची नोटरी केली.

मग बाईंनी गुंडाचं भाषांतर केलं. ठिपक्यांसकट. ‘येथे दोन ठिपके झिजलेले आहेत, घासल्यामुळे.’ कुणी घासलं ते लिहिलं नाही, एवढी माया केली. आणि खाली अनुवादकाची टीप. ती त्यांनी मला सांगितली आणि मी टाइप केली, म्हणून शब्द न् शब्द आठवतो: ‘आमच्या भागात लग्नाच्या मांडवात नवरा ताटातल्या तांदळात नवरीचे नवे नाव लिहितो. त्यानंतर सासर तिला नव्या नावाने ओळखते, माहेर जुन्याच. पहिले बाळंतपण माहेरी होते, म्हणून नोंद जुन्या नावाने होते. यात कोणीही कोणाला फसवलेले नाही. फक्त तिला कोणी विचारलेले नाही.’

एजंट वाचून हबकला. "बाई, शेवटचं वाक्य काढा. वरच्या ऑफिसला टोमना वाटन."

"वाटू दे. टोमन्याचं भाषांतर करायले त्याइच्याकडे मानूस असन."

"आन् हे फाइल पुन्हा परत आली तं?"

"तं पुन्हा पाठवू. पन नाव बदलून नाई पाठवनार. एकदा बदललं तिनं, आता पुरे."

फाइलला आणखी एक पत्र होतं, ते बाईंनी मला टाइप करू दिलं नाही. हातानं लिहिलं, कागदाला नाक लावून. मी चोरून वाचलं. आधीच्या भाषांतरातली चूक अनुवादकाची आहे, पडताळणी न करता सही केली, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "बाई, चूक माझी होती!"

"डोये माह्ये, सही माही. मंग चूक कोनाची?" त्यांनी पाकीट चिकटवलं. "तुह्यी चूक अलग हाय. ते तू तुह्या हिशेबानं निस्तर."

लेक रोज फोनवर एकच विचारायची, "निघाली का?" मी एकच सांगायची, "निघते." ते दिवस कसे गेले ते मी इथं रंगवून सांगू शकते, पण त्यात माझं कौतुक होण्यासारखं काही नव्हतं. मी बाकावर बसून नखं खात होते आणि बाई मला शिव्या घालून काम करायला लावत होत्या.

फाइलवर मुंबईचा शिक्का बसला. मग दिल्लीचं स्टिकर. गुंडाच्या फोटोला टाचणी तशीच. मुंबईत व्हिसाच्या खिडकीवर एक तरुण मुलगी होती. ती कितीतरी वेळ फोटोच बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, यातलं तुमचं नाव कुठलं?"

"दोन्ही," मी म्हटलं. "पण वरचं आधीचं."

बाळंतपणाच्या नऊ दिवस आधी मी लेकीच्या दारात उभी होते. दोन्ही नाती सुखरूप झाल्या. रुग्णालयातल्या नर्सनं आजीचं नाव विचारलं, तेव्हा लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. नर्सला ते उच्चारायला जमेना. तीन वेळा म्हणवून घेतलं, चौथ्यांदा जमलं.

परत आले तेव्हा बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आता मूळ कागद त्या स्वतःच वाचत होत्या, माझ्याकडे संशयानं बघत. दारावरच्या पाटीवर तिसरी ओळ आली होती. माझं नाव. वरचं. मी म्हटलं, "बाई, निदान मला विचारायचं." म्हणाल्या, "इचारलं असतं तं तू नाई म्हनली असती. तुह्यावर माह्या अजून भरवसा नाई." पुढं सहा वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं. तो भरवसा त्यांनी शेवटपर्यंत ठेवला नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं.

बाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. मीच बसते त्या टेबलावर. एजंटाचे पांढरे बूट गेले, मोटार आली, फोनवर फोटो पाठवून काम मागतो. परवाच एकीचा दाखला घेऊन आला. अमेरिकेला मुलाकडे निघालेली, माहेरचं नाव एक, पासपोर्टवर दुसरं. "पंचफुलाबाई, तेवढं नाव सांभाळून घ्या ना," म्हणाला. ती बाई बाकावर मान खाली घालून बसली होती. ती बसायची रीत मला ओळखीची होती.

मी दाखला तिच्या हातात दिला. म्हटलं, "वाच. मोठ्यानं."

शिक्का अजून हिंगातच असतो. गुंड दारात ठेवला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी प्यायला. नावाची बाजू रस्त्याकडे.